मुत्सद्दी नाना फडणवीस

पेशवाईच्या उत्तरकाळात साडेतीन शहाणे प्रसिद्ध होते. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. कारण ते मसलतीत जसे निपुण, तसेच रणांगणावरही धीराचे होते. चौथे नाना फडणवीस. त्यांना लोक अर्धा शहाणा म्हणत. नानांची बुद्धी कमी होती म्हणून नव्हे, तर त्यांना तलवार चालविता येत नसे म्हणून. त्यांची प्रकृती नाजूक होती, स्वभाव भिडस्त होता आणि युद्धाच्या धामधुमीत त्यांचे मन रमत नसे. परंतु काळाचा खेळ असा, की या अर्ध्या शहाण्यानेच सुमारे पंचवीस वर्षे मराठी राज्याचा सांभाळ केला. आणि तोही अशा शत्रूपासून, की जो तोफेपेक्षा तहाच्या कागदाने अधिक मुलूख जिंकीत होता.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. भानूंचे घराणे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर दिल्लीस गेले असता इ. स. १७१९ मध्ये तेथील दंग्यात कामास आले. या निष्ठेमुळे भानू घराण्यावर पेशव्यांचा लोभ राहिला आणि फडणिशीचे काम त्या घराण्यात चालू झाले. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. चौदाव्या वर्षीच त्यांचे पितृछत्र हरपले आणि त्या कोवळ्या वयात फडणिशीची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली.

फड म्हणजे सरकारी कचेरी. राज्याचा जमाखर्च, सरदारांच्या फौजांचे हिशेब, सनदा, इनामपत्रे, परराज्यांशी झालेले करार हे सर्व तेथे लिहिले जाई, तपासले जाई आणि जपून ठेवले जाई. कोणी काय देण्याचे कबूल केले होते, त्यांतले किती दिले आणि किती थकविले, हे पाहणे फडणिसांचे काम. ज्या वयात मुले विटीदांडू खेळतात, त्या वयात नाना हे कागद वाचू लागले. पुढील आयुष्यात त्यांना जी दृष्टी लाभली, ती याच फडावर.

इ. स. १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला. तीर्थयात्रा घडावी म्हणून नाना आपली आई व पत्नी यांच्यासह त्या मोहिमेबरोबर उत्तरेत गेले होते. त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते. युद्धाच्या शेवटी जी पळापळ झाली, तीत अंगावरची वस्त्रे टाकून, उपाशीपोटी, पायी चालत त्यांनी कसाबसा जीव वाचविला. पत्नी सुखरूप परत आली. पण आई कायमची अंतरली. या दुःखाची हकिकत नानांनी स्वतःच आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. आपल्या भित्रेपणावरही त्यांनी पांघरूण घातलेले नाही. एका दिवसाच्या लढाईत राज्याचे केवढे नुकसान होऊ शकते, हे त्या तरुणाने डोळ्यांनी पाहिले होते. शक्य तोवर लढाई टाळावी, आणि लढणे भागच पडले तर आधी शत्रूला एकटे पाडावे, अशी त्यांची रीत पुढे दिसून येते.

पानिपतानंतर थोरले माधवराव पेशवे गादीवर आले. त्यांच्या कडक शिस्तीत नानांनी अकरा वर्षे काम केले. परंतु १७७२ मध्ये माधवराव अकाली मरण पावले, आणि पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. या कटात चुलते रघुनाथराव यांचा हात असल्याचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी निर्भयपणे सांगितले. तरीही रघुनाथराव पेशवे झाले. तेव्हा सखारामबापू, नाना, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन रघुनाथरावांविरुद्ध संघटना उभारली. तिलाच बारभाईंचे कारस्थान म्हणतात. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई या वेळी गरोदर होत्या. त्यांना पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवण्यात आले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव सवाई माधवराव. अवघ्या चाळीस दिवसांच्या या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली, आणि राज्याचा भार कारभाऱ्यांच्या शिरावर आला.

रघुनाथराव स्वस्थ बसणारे नव्हते. ते सुरतेस इंग्रजांकडे गेले. त्या वेळी इंग्रजांच्या व्यापारी कंपनीजवळ मुंबईचे बेट होते. पण आजूबाजूचा मुलूख मराठ्यांचा होता. मुंबईच्या शेजारचे साष्टी बेट आणि वसई ही दोन ठिकाणे हाती आल्याशिवाय आपले बंदर सुरक्षित नाही, असे मुंबईकर इंग्रजांना फार दिवसांपासून वाटत होते. वसईचा किल्ला तर चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये मोठ्या पराक्रमाने पोर्तुगीजांकडून घेतलेला. तो जिंकून घेणे सोपे नव्हते. पण गादीवर हक्क सांगणारा एक पेशवा आपण होऊन दाराशी आला होता. मग लढण्याची काय गरज? मार्च १७७५ मध्ये सुरतेस तह झाला. कंपनीने रघुनाथरावांना अडीच हजार फौज द्यायची, त्या फौजेच्या खर्चासाठी त्यांनी दरमहा दीड लाख रुपये द्यायचे, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवायचे, आणि साष्टी व वसई कायमची देऊन टाकायची, असे ठरले. जे रघुनाथरावांच्या ताब्यात नव्हते, तेच त्यांनी दान केले!

इंग्रजांची राज्य वाढविण्याची ही पद्धत नीट समजून घेतली पाहिजे. कारण नानांचे सारे आयुष्य तिच्याशी झुंजण्यात गेले. कोणत्याही दरबारात भाऊबंदकी माजली, की कंपनी एका पक्षाला आपली फौज उसनी देई. त्या फौजेचा पगार राजाने द्यायचा. पगार थकला, की त्याच्या मोबदल्यात मुलूख तोडून घ्यायचा. मुलूख गेला, की राजाचे उत्पन्न घटे. उत्पन्न घटले, की पुढचा पगार थकणे ठरलेले. अशा रीतीने राजाच्याच पैशाने राजाचे राज्य हळूहळू कंपनीकडे जाई. आणि हे सारे कसे, तर सहीशिक्क्यांच्या कागदाने, अगदी कायदेशीर! बंगाल, अयोध्या, कर्नाटक या प्रांतांत हा प्रकार घडत होता. दूर पुण्यात बसून नाना तो पाहत होते.

सुरतेच्या तहामुळे मराठे आणि इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले. इतक्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७७३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार मुंबईच्या इंग्रजांनी युद्ध वा तह करण्यापूर्वी कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारची संमती घेणे आवश्यक होते. ती त्यांनी घेतली नव्हती. म्हणून कलकत्तेकरांनी सुरतेचा तह नामंजूर केला आणि कर्नल अप्टन या आपल्या वकिलाला बोलणी करण्यासाठी पुरंदरास पाठविले. सखारामबापू आणि नाना यांना वाटले, की आता न्याय मिळणार. पण अप्टन साहेबांचे म्हणणे मोठे विचित्र होते. सुरतेचा तह रद्द, युद्ध अन्यायाचे. मात्र त्या गडबडीत मुंबईकरांनी बळकावलेली साष्टी कंपनीकडेच राहावी, असा त्यांचा आग्रह! चोरी वाईट, पण चोरीचा माल परत मिळणार नाही, अशातलाच हा न्याय. दोन महिने घासाघीस चालली. अखेर १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडावा, मराठ्यांनी युद्धखर्चापोटी बारा लाख रुपये द्यावेत, आणि साष्टी इंग्रजांकडे राहावी, असे ठरले.

हा तह तरी पाळला गेला काय? नाही. मुंबईकरांनी रघुनाथरावांना आश्रय देणे चालूच ठेवले. तिकडे लंडनमधील कंपनीच्या चालकांनी सुरतेच्या तहालाच पसंती दर्शविली. तेव्हा नानांच्या ध्यानात एक गोष्ट पक्की आली. कंपनीला तीन तोंडे आहेत. एक मुंबईस, दुसरे कलकत्त्यास आणि तिसरे लंडनला. एका तोंडाने वचन दिले, तर दुसरे ते मोडू शकते. आणि शेवटी जे तोंड फायद्याचे बोलते, तेच खरे ठरते. अशा शत्रूशी केलेला करार केवळ शब्दांवर टिकत नाही. तो मोडला तर शत्रूचे नुकसान होईल अशी व्यवस्था आपण केली, तरच तो टिकतो.

नानांनी तशी व्यवस्था करण्यास आरंभ केला. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला. तो आपण फ्रान्सच्या राजाचा वकील असल्याचे सांगे. त्याच्या बोलण्यावर नानांचा कितपत विश्वास होता, हा प्रश्न वेगळा. परंतु त्यांनी त्याचे दरबारी थाटाने स्वागत केले. फ्रेंच हे इंग्रजांचे हाडवैरी. पुण्यात फ्रेंच वकिलाला मान मिळतो आहे, एवढी वार्ताच मुंबईकरांची झोप उडविण्यास पुरेशी होती.

घाबरलेल्या मुंबईकरांनी १७७८ च्या नोव्हेंबरात रघुनाथरावांना बरोबर घेऊन पुण्यावर सुमारे चार हजारांची फौज धाडली. बोरघाट चढून ती हळूहळू पुढे सरकू लागली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनी तिला चोहोंकडून सतावले. कार्ल्याजवळ इंग्रजांचा शूर कप्तान स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. मराठ्यांनी शत्रूच्या शौर्याचाही गौरव केला. इष्टुर फाकडा या नावाने तो लोकांच्या स्मरणात राहिला. इंग्रज तळेगावास पोहोचले, तेव्हा गाव जाळून रिकामे केलेले होते. ना दाणा, ना वैरण. इंग्रज माघारी फिरले आणि वडगावजवळ वेढले गेले. जानेवारी १७७९ मध्ये त्यांनी शरणागतीचा करार लिहून दिला. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला सर्व मुलूख परत देण्याचे त्यांनी कबूल केले आणि रघुनाथराव मराठ्यांच्या स्वाधीन झाले.

परंतु पराभूत फौज मुंबईस सुखरूप पोहोचताच, असा करार करण्याचा तिच्या अधिकाऱ्यांना हक्कच नव्हता, असे सांगून इंग्रजांनी वडगावचा करार धुडकावून लावला. जीव वाचविण्यास हक्क होता. वचन पाळण्यास मात्र नव्हता! काही महिन्यांतच रघुनाथरावही निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले.

आता नानांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी मसलत केली. म्हैसूरचा हैदरअली, हैदराबादचा निजाम आणि नागपूरचे भोसले हे तिघेही एकमेकांचे व पुण्याचे जुने हेवेदावे असलेले. पण इंग्रजांचा धोका या सर्वांनाच होता. नानांनी पत्रे लिहून, वकील धाडून, कोणाच्या जुन्या मागण्या मान्य करून १७८० मध्ये या चौघांची एकजूट घडवून आणली. हैदराने कर्नाटकात इंग्रजांवर तुटून पडावे, निजामाने त्यांच्या उत्तर सरकार प्रांतावर चालून जावे, भोसल्यांनी बंगालवर स्वारी करावी आणि पेशव्यांनी गुजरात व कोकण सांभाळावे, असा बेत होता. हैदराने आपला शब्द खरा केला. त्याच वर्षी तो मोठ्या सैन्यानिशी कर्नाटकात उतरला आणि इंग्रजांना त्याने जेरीस आणले. पण कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज हाही तितकाच कसलेला मुत्सद्दी होता. त्याने निजामाला गुंटूर परत देऊन गप्प बसविले. भोसल्यांचे सैन्य कटकपर्यंत येऊन थबकले होते; त्यांना पैसे देऊन त्याने थोपविले. नानांनी कागदावर बांधलेली साखळी हेस्टिंग्जने कागदावरच तोडण्यास सुरुवात केली.

युद्ध लांबले. इंग्रजांनी डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतली. पण पुण्यावर चाल करू पाहणाऱ्या सेनापती गॉडर्डला घाटमाथ्यावरून मोठे नुकसान सोसून परतावे लागले. दोन्ही पक्ष थकले. शेवटी महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह झाला. इंग्रजांनी सवाई माधवरावांना पेशवे म्हणून मान्य केले. रघुनाथरावांचा पक्ष त्यांनी कायमचा सोडला. त्यांना दरमहा पंचवीस हजार रुपये नेमणूक मिळाली. वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी मात्र गेली ती गेलीच.

तह झाला, पण नानांनी त्यावर मान्यतेची मोहोर लगेच उठविली नाही. महिन्यामागून महिने गेले. इंग्रज तगादा लावीत होते आणि नाना सबबी सांगत होते. हैदर अजून लढत होता. जोवर पेशव्यांची मोहोर उठली नव्हती, तोवर इंग्रजांना पुण्याची भीती बाळगणे भाग होते, आणि नानांना दोन्ही बाजूंशी बोलणी करता येत होती. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर मरण पावला, आणि त्याच महिन्यात नानांनी तहास मान्यता दिली. या प्रसंगी एक उणीवही मान्य केली पाहिजे. ज्या हैदराने शब्द पाळला, त्याला विचारल्याशिवाय सालबाईचा तह झाला होता. इतकेच नव्हे, तर त्याने जिंकलेला मुलूख इंग्रजांना परत देववावा, अशी अटही त्यात होती. मोडक्या वचनांबद्दल इंग्रजांना दोष देताना आपल्या पक्षाकडूनही मित्राला दिलेले वचन सुटले, हे इतिहास विसरत नाही.

सालबाईच्या तहानंतर मराठे आणि इंग्रज यांच्यात वीस वर्षे युद्ध झाले नाही. या काळात नानांचा अधिकार सर्वत्र चाले. त्यांचे वकील व बातमीदार हिंदुस्थानातील बहुतेक दरबारांत होते. हैदराबादेस गोविंदराव काळे होते, तर कलकत्त्याहून लाला सेवकराम हेस्टिंग्जच्या हालचाली कळवीत असत. कोणत्या पलटणी कोठे निघाल्या, कोणत्या नबाबाचे किती कर्ज झाले, कोणता इंग्रज अधिकारी कोणावर रुसला, या बारीकसारीक गोष्टी पुण्यास येत. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी नानांनी वाडा व घाट बांधला. त्या वाड्यात जपून ठेवलेले कागद पुढे इतिहासाच्या अभ्यासकांना मिळाले, तेव्हा या माणसाने किती वाचले, लिहिले आणि लक्षात ठेवले असेल, याची कल्पना जगाला आली.

१७८६ मध्ये इंग्रजांचा वकील मॅलेट पुण्यास आला. नानांनी त्याला आदराने वागविले, नदीच्या संगमावर राहण्यास जागा दिली. पण कंपनीची फौज पुण्यात ठेवण्याच्या गोष्टीला त्यांनी कधी थारा दिला नाही. १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध त्यांनी इंग्रज आणि निजाम यांच्याशी तह केला. त्यात तिघांनी मिळून लढावे आणि जिंकलेला मुलूख सारखा वाटून घ्यावा, असे कलम होते. १७९२ मध्ये टिपूला निम्मे राज्य सोडून द्यावे लागले. मराठ्यांना कृष्णा-तुंगभद्रेच्या बाजूचा मुलूख मिळाला. टिपूचे राज्य समूळ बुडू नये, असाच पुण्याचा कल होता. कारण टिपू गेला तर इंग्रजांना दक्षिणेत अडविणारे कोणी उरणार नव्हते. तरीही या युद्धामुळे सर्वांत अधिक बळ इंग्रजांचेच वाढले. शत्रूच्या मदतीने शेजाऱ्याला दुबळे केले, तर उद्या त्या शत्रूशी आपल्याला एकट्याने लढावे लागते. हा धोका नानांनी ओळखला होता, पण त्यांना तो पूर्णपणे टाळता आला नाही.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सर्व सरदार त्या वेळी पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र आले होते. ही एकजूट नानांच्या लेखणीची. तशी एकजूट पुन्हा कधी दिसली नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तरुण पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून पडले आणि दोन दिवसांनी त्यांचे प्राण गेले. नानांनी ज्या बालकासाठी वीस वर्षे खपून राज्य राखले, तोच गेला. नानांनी पेशव्यांना फार धाकात ठेवले, त्यांना स्वतंत्रपणे कारभार शिकू दिला नाही, असा आक्षेप पुष्कळ इतिहासकार घेतात. आणि त्यात तथ्य आहे. सर्व सूत्रे एकाच्या हाती असली, की तो असेपर्यंत कारभार सुरळीत चालतो; पण त्याच्या मागे सूत्रे धरणारा कोणी तयार होत नाही.

पेशवाईचा वारसा आता रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव यांच्याकडे आला. सत्तेसाठी पुण्यात नाना तऱ्हेची कारस्थाने सुरू झाली. महादजी शिंदे १७९४ मध्येच निवर्तले होते. त्यांचे तरुण वारस दौलतराव यांनी नानांना भेटीस बोलाविले. शिंद्यांच्या एका युरोपियन सेनाधिकाऱ्याने नानांच्या सुरक्षिततेची शपथ वाहिली होती. तिच्यावर विसंबून नाना छावणीत गेले आणि ३१ डिसेंबर १७९७ रोजी कैद झाले. आयुष्यभर तहातील शब्दन् शब्द पारखून घेणारा हा पुरुष शेवटी एका तोंडी शपथेला फसला. अहमदनगरच्या किल्ल्यात काही महिने काढल्यावर १७९८ मध्ये त्यांची सुटका झाली आणि ते पुन्हा कारभारात आले. पण आता शरीर थकले होते आणि दरबारात कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता.

याच वर्षी वेलस्ली हा नवा गव्हर्नर जनरल हिंदुस्थानात आला. त्याने जुन्याच युक्तीला पक्के रूप दिले. ती युक्ती म्हणजे तैनाती फौज. राजाने कंपनीची फौज आपल्या राज्यात कायमची ठेवून घ्यायची, तिचा खर्च सोसायचा आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय इतर कोणाशी युद्ध किंवा तह करायचा नाही. बदल्यात कंपनी त्याचे शत्रूपासून रक्षण करणार. सप्टेंबर १७९८ मध्ये निजामाने हा करार स्वीकारला. पुढे १७९९ मध्ये टिपू लढता लढता पडला आणि म्हैसूरचा काही मुलूख निजामाच्या वाट्यास आला. पण पुढच्याच वर्षी तैनाती फौजेच्या खर्चासाठी त्याला म्हैसूरकडून मिळालेला सारा मुलूख कंपनीच्या पदरात घालावा लागला. नवा तह स्वीकारल्यास पेशव्यांनाही म्हैसूरच्या मुलखाचा वाटा देऊ, असे वेलस्लीने कळविले. पुणे दरबाराने तो वाटा नाकारला. नानांचे वय झाले होते, पण त्यांना आमिष आणि गळ यांतील फरक अजून दिसत होता.

१३ मार्च १८०० रोजी पुण्यास नानांचे निधन झाले. त्या वेळी इंग्रजांचा वकील असलेल्या पामरने आपल्या सरकारला कळविले, की नानांबरोबर मराठी दरबारातील शहाणपण आणि संयम संपला आहे. शत्रूच्या वकिलाने असे लिहावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

पुढे काय झाले, ते पाहिले म्हणजे नानांची योग्यता कळते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळून गेले आणि इंग्रजांच्या आश्रयास आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तैनाती फौजेच्या तहावर मोहोर उठविली. सहा हजार पायदळ ठेवून घ्यायचे आणि त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, असे ठरले. हा तह झाला ते ठिकाण कोणते? वसई! चिमाजीअप्पांनी जी वसई जिंकली, रघुनाथरावांनी जी इंग्रजांना देऊ केली आणि नानांच्या काळात जी सालबाईच्या तहाने परत मिळाली, त्याच वसईत रघुनाथरावांच्या पुत्राने राज्याचे स्वातंत्र्य लिहून दिले. नानांना जाऊन तीन वर्षेही झाली नव्हती.

हा तह शिंदे व भोसले यांना मान्य नव्हता. १८०३ मध्ये युद्ध झाले. त्यात पराभूत झाल्यावर भोसल्यांना देवगावास आणि शिंद्यांना सुर्जी-अंजनगावास तह करावे लागले. कटक, दिल्ली असे दूरदूरचे प्रांत गेले. १८१८ मध्ये पेशवाईच संपली. लढाया झाल्या हे खरे. पण प्रत्येक लढाईच्या आधी एक तह होता आणि नंतरही एक तह होता. तोफा थंडावल्यावर जे कागदावर लिहिले गेले, तेच कायम राहिले.

नाना फडणवीस देवमाणूस नव्हते. त्यांच्या हातून चुका झाल्या, त्यांना सत्तेचा लोभही होता. पण राज्याच्या दाराशी आलेला प्रत्येक कागद त्यांनी दिवा जवळ घेऊन वाचला. आज देऊ केलेली मदत उद्या काय मागणार आहे, हा प्रश्न ते प्रत्येक वेळी विचारीत. तो प्रश्न विचारणारा माणूस जोवर पुण्यात होता, तोवर कंपनीची तैनाती फौज पुण्यात येऊ शकली नाही. लोकांनी ज्याला अर्धा शहाणा म्हटले, तो गेल्यावर उरलेल्यांना शहाणपणाची किंमत राज्य देऊन चुकवावी लागली.